जर्मन बिअरचे विरजण : घरच्या बिअरसाठी यीस्ट आणि हॉप्स कसे निवडावेत

शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत गेलेली आपली मुले तिथे बरेच काही शिकतात. भाषा शिकतात, कचऱ्याचे डबे वेगवेगळे ठेवायला शिकतात, आणि त्यांतली काही घरच्या घरी बिअर करायलाही शिकतात. तिथे हा छंद जुना आहे आणि कायद्याला धरून आहे. आपल्या घरात, आपल्यापुरती केलेली आणि न विकलेली बिअर वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमुक्त असते. २०२४ च्या आधी ही मर्यादा २०० लिटर होती. या मुलांपैकी नव्याने सुरुवात करणाऱ्याचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : दुकानात यीस्टची इतकी पाकिटे आणि हॉप्सची त्याहून जास्त, त्यांतले नेमके कोणते घ्यायचे?

या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचे उत्तर देत आहोत. निवडीचा क्रम असा असावा : आधी आपल्याजवळ किती थंड जागा आहे ते पाहावे, त्यावरून यीस्ट ठरवावे, यीस्टवरून बिअरचा प्रकार, आणि सगळ्यांत शेवटी हॉप्स. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. हॉप्सची ऐकीव नावे घेऊन दुकानात जातात आणि यीस्ट मिळेल ते उचलतात. मग वीस लिटर बिअर आणि दोन महिन्यांची वाट पाण्यात जाते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गोव्यात मद्य तयार करायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. इतर राज्यांचे नियम आपापले आहेत, आणि गुजरातेत तर दारूबंदीच आहे. पुढची कृती जिथे तिला मुभा आहे तिथल्यासाठी आहे. इथे राहणाऱ्यांनी जर्मन बिअरची चव कशातून येते हे समजून घेण्यासाठी हा लेख वाचावा.

फेणीचा रस आणि १५१६ चा नियम

आंबवण म्हणजे काय हे गोमंतकीयांना शिकवायला नको. काजूची बोंडे मळून काढलेला रस भांड्यात ठेवला की तो आपोआप उसळू लागतो. दोन-तीन दिवसांनी तो भाटीवर चढतो आणि त्यातून आधी हुर्राक, मग फेणी निघते. परंपरेने या रसात कोणी यीस्ट घालत नाही. ते बोंडांवर आणि भांड्याला असतेच. माडाच्या सुरेचेही तेच. पूर्वी आपले पोदेर पाव याच सुरेवर फुगवत, आणि सान्नांच्या पिठात ती अजूनही पडते.

आजची जर्मन बिअर याच्या उलट वाटेने जाते. तिथे एकच निवडलेले यीस्ट आत घेतात आणि बाकी सगळ्यांना दार बंद असते. गंमत अशी की ज्या नियमाचा जर्मनांना एवढा अभिमान, त्यात यीस्टचे नावही नव्हते. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी इंगोलश्टाट इथे जो शुद्धतेचा नियम जाहीर केला, त्यात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी या तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. यीस्ट ही सजीव वस्तू आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. आधीच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेत घातला की काम होते, एवढे मात्र माहीत होते.

म्हणजे हे विरजणच झाले. दूध एकच असले तरी विरजण जसे तसे दही. दूध फार गरम असताना लावले तर बिघडते, फार थंड असताना लावले तर लागत नाही, आणि विरजण कमी पडले तर दही नीट होत नाही. बिअरमध्ये दुधाच्या जागी वर्ट असतो. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून गाळलेला हा गोड काढा. हा काढा हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि मग त्याला यीस्ट लावायचे. यीस्ट त्यातली साखर खाते आणि मद्यार्क, कार्बन डायऑक्साइड व बारीकसारीक शेकडो वास मागे ठेवते. जर्मन बिअरचे प्रकार ओळखू येतात ते मुख्यतः या वासांवरून, किंवा ते नसल्यावरून.

यीस्टची दोन कुळे

पहिले कुळ एल यीस्टचे. आपल्या पावाचे यीस्टही याच जातीचे. साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअसला ते जोमाने काम करते आणि फळांचे, मसाल्याचे वास सोडते. दुसरे कुळ लागर यीस्टचे. ते ८ ते १३ अंशांच्या गारठ्यातही काम करते, सावकाश करते, आणि फारसा वास न सोडता माल्ट व हॉप्सला पुढे येऊ देते. हे यीस्ट संकरातून आलेले आहे. त्याचा एक पूर्वज एल यीस्ट, तर दुसरा थंडी सोसणारे रानटी यीस्ट. त्या रानटी पूर्वजाची जात दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केले.

हे थंडीतले यीस्ट बव्हेरियात रुजले त्यामागे हवामान आहे. उन्हाळ्यात केलेली बिअर लवकर नासत असे. म्हणून १५५३ मध्ये तिथे असा नियम झाला की बिअर फक्त सेंट मायकेलच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिलपर्यंतच करायची. थंडीच्या महिन्यांतच काम होऊ लागले तेव्हा थंडीत तग धरणारे यीस्टच पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत राहिले. तयार बिअर गार तळघरात महिनोन्‌महिने मुरत ठेवत. लागर हा शब्द साठवणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरूनच आला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध लागर यीस्ट वेगळे काढले. आज आपल्याला पाकिटात निवडलेले यीस्ट मिळते, त्याची सुरुवात तिथे आहे.

आधी तापमापक, मग दुकान

म्हणून पहिली खरेदी तापमापकाची करावी. जर्मनीतल्या पुष्कळ इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खण मिळतो. तिथे आठवडाभर तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. आंबवण सुरू झाली की काढा स्वतःच तापतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंश वर जाऊ शकतो. त्यामुळे पुढे प्रत्यक्ष आंबवताना तापमापक भांड्याच्या अंगाला लावावा, खोलीच्या भिंतीला नव्हे. खाली दिलेले अंश काढ्याचे आहेत.

काढा ८ ते १३ अंशांवर स्थिर राहत असेल तर लागर करावी : हेलेस किंवा पिल्स. १४ ते १८ राहत असेल तर ऱ्हाईनकाठच्या एल कराव्यात, म्हणजे कोलोनच्या कोल्शच्या धाटणीची किंवा ड्युसेलडॉर्फची तांबूस आल्टबिअर. १८ ते २२ मिळत असेल तर गव्हाची वाईसबिअर. त्याहून उष्ण जागेत तापमान राखणारा फ्रिज असल्याशिवाय जर्मन बिअरच्या वाटेला जाऊ नये. २५ अंशांना आंबवलेल्या लागरमध्ये फळांचे वास आणि डोक्यात चढणारी जड मद्ये तयार होतात. मग महागातले हॉप्स घातले तरी ते झाकता येत नाही.

कोणते पाकीट

लागरसाठी आम्ही डोळे झाकून एकच नाव सुचवू : डब्ल्यू-३४/७०. म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावात वाइहेनश्टेफानची जुनी ब्रुअरी आणि मद्यविद्येचे विद्यापीठ आहे. तिथल्या संग्रहातले हे यीस्ट जगभरच्या ब्रुअरीज वापरतात. फर्मेंटिस कंपनीचे सॅफलागर या नावाचे सुके पाकीट सगळीकडे मिळते. चुकांना ते बरेच सोसते. १२ अंशांना उत्तम, आणि १७-१८ अंशांपर्यंत गेले तरी फारसे बिघडत नाही. त्याच कंपनीचे एस-२३ थोडा फळांचा वास देते, तर एस-१८९ अधिक स्वच्छ असते.

वाईसबिअरची गोष्ट वेगळी. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. पण तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करते. पिकल्या केळ्यात जो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असतो, तोच ते बनवते. लवंगेची आठवण करून देणारे द्रव्य ते धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून काढते. सगळ्या यीस्टना हे जमत नाही, म्हणून इथे नाव पाहूनच घ्यावे : द्रव यीस्टमध्ये वायइस्ट ३०६८ किंवा व्हाइट लॅब्सचे डब्ल्यूएलपी ३००, सुक्यामध्ये लालेमांडचे म्युनिक क्लासिक. १७-१८ अंशांना आंबवले तर लवंग पुढे येते, २१-२२ ला केळे. लवंग आणखी हवी असेल तर माल्ट भिजवताना पाणी आधी ४५ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावे. त्याने फेरुलिक आम्ल मोकळे होते.

फर्मेंटिसचे डब्ल्यूबी-०६ हेही गव्हाच्या बिअरसाठी विकले जाते, पण ते वापरताना सावध राहावे. इतर यीस्ट जी साखर खात नाहीत, तीही ते सावकाश खात राहते. घाईने बाटल्या भरल्या तर आत वायू वाढत जातो आणि काचेची बाटली फुटू शकते. हा धोका थोड्याफार प्रमाणात प्रत्येक यीस्टचा आहे. म्हणून घनतामापकाचे वाचन सलग तीन दिवस तेच आल्याखेरीज बाटल्या भरू नयेत, आणि हे यीस्ट असेल तर आणखी आठवडाभर थांबावे.

कोल्शच्या धाटणीसाठी वायइस्ट २५६५ किंवा सुके के-९७ घ्यावे. धाटणी असे म्हणण्याचे कारण आहे. १९८६ च्या कराराने कोल्श हे नाव कोलोन आणि परिसरातल्या ब्रुअरीजपुरते राखले गेले, आणि १९९७ मध्ये युरोपीय संघानेही त्याला संरक्षण दिले. आपल्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसाच हा प्रकार.

विरजण किती लावावे

थंडीत काम करायचे असल्याने लागरला एलच्या साधारण दुप्पट यीस्ट लागते. १२ ते १८ अंशांसाठी डब्ल्यू-३४/७० चे प्रमाण १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम आहे. म्हणजे वीस लिटरला १६ ते २४ ग्रॅम. एक पाकीट साडेअकरा ग्रॅमचे असते, तेव्हा दोन पाकिटे घ्यावीत. त्याहून थंड जागेत तिसरेही घालावे. एल प्रकारांना वीस लिटरला एक पाकीट पुरते. द्रव यीस्ट घेतले तर त्याला दोन दिवस आधी थोड्या काढ्यात वाढवून घ्यावे लागते. पहिल्या खेपेला सुकेच बरे.

लागर संपत आली, म्हणजे साखरेचा पाऊण भाग खाऊन झाला, की भांडे दोन-तीन दिवस १६ ते १८ अंशांच्या जागी आणावे. आंबवणीत डायअ‍ॅसिटिल नावाचे, लोण्यासारख्या वासाचे द्रव्य बनते. ऊब मिळाली की यीस्ट ते परत खाऊन टाकते. ही पायरी गाळली तर बिअरला पॉपकॉर्नचा वास येतो. त्यानंतर ती चार ते सहा आठवडे ० ते २ अंशांवर मुरवावी. लोणचे मुरण्याआधी बरणी उघडून काही हाती लागत नाही, तेच इथेही लागू आहे.

आता हॉप्स

हॉप्स ही वेल गांजाच्या कुळातली आहे, पण तिच्यात गांजाची नशा नसते. तारांवर ती सात मीटर उंच चढवतात, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिच्या मादी वेलींची शंकूसारखी फुले काढतात. फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड असते. बिअरचा कडूपणा आणि सुवास दोन्ही तिच्यातून येतात. कडूपणा देणारी अल्फा आम्ले तासभर उकळल्याशिवाय काढ्यात नीट उतरत नाहीत. सुवासाची तेले उकळीने उडून जातात. म्हणून कडूपणाचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला आणि सुवासाचे शेवटी घालायचे. वाटण आधी परतायचे आणि कोथिंबीर शेवटी पेरायची, हा क्रम आपल्याला नवा नाही.

जर्मनीतला सगळ्यांत मोठा हॉप्सचा प्रदेश म्हणजे म्युनिकच्या उत्तरेचा हालरटाउ. त्याखेरीज न्यूरेंबर्गच्या दक्षिणेला श्पाल्ट आणि बोडेन्से सरोवराजवळ टेटनांग. हालरटाउअर मिटलफ्र्यू, टेटनांगर, श्पाल्टर आणि चेक प्रदेशातले साझ या चार जुन्या वाणांना खानदानी हॉप्स म्हणतात. त्यांच्यात अल्फा आम्ल कमी, साधारण ३ ते ५ टक्के, आणि वास मंद : फुलांचा, गवताचा, किंचित मसाल्याचा. हालरटाउमधल्या ह्युल इथे हॉप्सचे संशोधन केंद्र आहे. हॉप्सवर पडलेल्या रोगाशी लढण्यासाठी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून ते उभे राहिले. तिथून पेर्ले, मॅग्नम, हेर्क्युलेस असे जोमदार वाण आले. मॅग्नममध्ये अल्फा आम्ल ११ ते १६ टक्के असते आणि त्याचा कडूपणा स्वच्छ असतो.

आता हिशेब पाहू. कडूपणा मोजायचे एकक आयबीयू. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम उतरलेले अल्फा आम्ल. वीस लिटर हेलेसला १८ आयबीयू हवे, तर बिअरमध्ये ३६० मिलिग्रॅम उतरायला हवे. तासभर उकळून अल्फा आम्लाचा साधारण चौथा हिस्साच उतरतो, म्हणून मुळात १४४० मिलिग्रॅम घालावे लागेल. १२ टक्क्यांचे मॅग्नम असेल तर ते १२ ग्रॅम होते, आणि ४ टक्क्यांचे मिटलफ्र्यू असेल तर ३६ ग्रॅम. पाकिटावर त्या वर्षीच्या पिकाची टक्केवारी छापलेली असते. ती दर हंगामाला बदलते, म्हणून ग्रॅम पाठ करण्याऐवजी हा हिशेब पाठ करावा.

यावरून खरेदीही सोपी होते. कडूपणासाठी मॅग्नम आणि सुवासासाठी एक खानदानी वाण, अशी दोन पाकिटे जर्मन बिअरच्या बहुतेक प्रकारांना पुरतात. खानदानी हॉप्स तासभर उकळून त्यांचा सुवास घालवण्यात अर्थ नाही.

जोड्या

*हेलेस :* डब्ल्यू-३४/७०, १६ ते २२ आयबीयू. सुरुवातीला मॅग्नम १२ ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत मिटलफ्र्यू १० ग्रॅम. इथे माल्ट बोलते. हॉप्स फक्त गोडवा आवरतात.

*पिल्स :* यीस्ट तेच, २२ ते ४० आयबीयू. सुरुवातीला मॅग्नम १२ ग्रॅम, शेवटची वीस मिनिटे उरली असता टेटनांगर ३० ग्रॅम आणि उकळ संपताना आणखी ३० ग्रॅम. सगळे मिळून तिशीच्या आसपास जाते.

*कोल्शच्या धाटणीची :* २५६५ किंवा के-९७, १८ ते ३० आयबीयू. पेर्ले सुरुवातीला, थोडे श्पाल्टर शेवटी. १५-१६ अंशांना आंबवून मग तीन-चार आठवडे थंड मुरवावी.

*वाईसबिअर :* निम्म्याहून कमी गहू-माल्ट चालत नाही. ३०६८, डब्ल्यूएलपी ३०० किंवा म्युनिक क्लासिक, ८ ते १५ आयबीयू. सुरुवातीला कोणतेही जर्मन हॉप्स मोजून घालावेत, शेवटी काहीच नाही. हॉप्सचा सुवास आणि लवंग एकमेकांच्या आड येतात. हिला मुरवत बसायचे नाही. बाटलीत वायू भरला की ताजीच प्यावी.

घेताना आणि ठेवताना

हॉप्सच्या पाकिटावर पिकाचे वर्ष पाहावे. पाकीट हवाबंद असावे. उघडल्यावर उरलेले हॉप्स हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवावेत. हवा आणि ऊब लागली की कडूपणा घटतो आणि जुन्या चीजसारखा वास येतो. तो वास आला तर पाकीट टाकून द्यावे. तयार बिअरलाही उजेड सोसत नाही. हॉप्सच्या आम्लांवर ऊन पडले की उग्र, नकोसा वास सुटतो. म्हणून बाटल्या तपकिरी घ्याव्यात, हिरव्या नकोत. यीस्टची पाकिटे फ्रिजमध्ये ठेवावीत आणि मुदत तपासावी. काढा थंड झाल्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करून घ्यावी. आपण निवडलेल्या यीस्टच्या आधी दुसरे कोणी आत शिरले तर वर लिहिलेले सगळे वाया जाते.

पहिली खेप कोणती, असे विचाराल तर आम्ही ऋतू पाहायला सांगू. मे ते सप्टेंबर वाईसबिअर करावी. तिला थंड जागा कमी लागते, हॉप्स कमी लागतात, आणि महिन्याभरात ती ग्लासात येते. नोव्हेंबरनंतर तळघर गार झाले की हेलेस लावावी. दोन्ही खेपांना भांड्याचे तापमान रोज वहीत लिहून ठेवावे. बिअर चांगली झाली तर का झाली आणि बिघडली तर कुठे, हे त्याच वहीत सापडेल.